ओढू नका, सोडवा

सामान्य काळातील सहावा रविवार (वर्ष अ)
वाचने : बेनसिरा १५:१५-२०, १ करिंथ २:६-१०, मत्तय ५:१७-३७



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू डोंगरावर बसून आपल्या शिष्यांना नियमशास्त्राचा खरा अर्थ उलगडून सांगत आहे. खून करू नये, हे तर सर्वांना ठाऊक होते. प्रभू त्याच्या मुळाशी जातो आणि मनातल्या रागावर बोट ठेवतो. मग तो एक प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो. एक भाविक आपले दान घेऊन वेदीपाशी आला आहे. तिथे त्याला आठवते, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही तरी आहे. प्रभू त्याला सांगतो, की दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा, समेट कर आणि मग परत ये.

इथे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर, असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे तो म्हणतो. म्हणजे चूक कोणाची, याचा निवाडा होईपर्यंत थांबायचे नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे. आपल्यापैकी किती जण असे उठतात? आपण दान टाकतो, ख्रिस्तशरीर स्वीकारतो आणि चर्चच्या दारात भाऊ समोर आला, की चपला शोधण्याच्या निमित्ताने मान खाली घालतो.

नात्यांचा हा गुंता कसा सोडवावा, हे समजून घेण्यासाठी आज एका साध्या कामाकडे पाहू या. प्रभूने स्वर्गराज्य समजावताना जाळे, दिवा, खमीर अशा नित्याच्या वस्तू घेतल्या. आपण आज पाण्याची एक नळी घेऊ.

काच, पाणी आणि नळी

इंग्लंडमध्ये घरांच्या खिडक्या धुणे हा अनेकांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. गोव्यातील बरीच ख्रिस्ती कुटुंबे आज तिथल्या स्विंडनसारख्या शहरांत राहतात. त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. पूर्वी हे काम शिडीवर चढून, बादली आणि फडके घेऊन चाले. शिडी घसरली की हातपाय मोडत, कधी जीवही जाई. २००५ साली ब्रिटनमध्ये उंचावरच्या कामासंबंधी नवे नियम लागू झाले. जे काम जमिनीवर उभे राहून करता येते, त्यासाठी उंचावर चढू नये, असे त्यांचे मुख्य सूत्र आहे. तोवर रुळत आलेली दुसरी पद्धत त्यानंतर अधिकच पसरली. कामगार जमिनीवर उभा राहतो. त्याच्या हातात कार्बन फायबरचा लांब, हलका दांडा असतो. एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांचा हा दांडा हवा तेवढा वाढवता येतो. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि ब्रशमधून पाण्याच्या बारीक धारा काचेवर पडतात.

हे पाणी साधे नसते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार विरघळलेले असतात. असे पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग राहतात. म्हणून ते आधी बारीक पडद्यातून आणि मग राळेच्या दाण्यांतून गाळतात. क्षारांचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले, की ते पाणी काच धुऊन आपोआप वाळते आणि डाग ठेवत नाही. मग काच पुसावीही लागत नाही. व्हॅनमध्ये ३५०, ५०० किंवा ६५० लिटरची टाकी असते. पंप तिथून पाणी ढकलतो आणि सुमारे १०० मीटर लांबीची, बोटाएवढीही जाड नसलेली नळी ते पाणी दांड्यापर्यंत नेते.

टाकी भरलेली आहे, पाणी निर्मळ आहे, पंप चालू आहे, ब्रश नवा आहे. तरीही कधी कधी ब्रश कोरडाच राहतो. कारण मध्ये कुठे तरी नळीला पीळ पडून ती मुडपलेली असते.

प्रिय बंधुभगिनींनो, देवाच्या कृपेची टाकी कधी रिकामी होत नाही. बाप्तिस्म्यात आपण त्या टाकीला जोडले गेलो. दर रविवारी पवित्र मिस्सात ती कृपा आपल्याकडे वाहू लागते. मग घरात कोरडेपणा का? प्रार्थना ओठांवरच का अडते? मुले आपल्याशी बोलायची का थांबली? आपण वर ब्रशकडे पाहतो आणि दांडा झटकतो. मुलाला बोल लावतो, सुनेला दोष देतो, धर्मगुरूंच्या प्रवचनाला नावे ठेवतो. पण दोष वर नसतो. तो मागे, चाळीस पावलांवर, कोपऱ्याआड असतो. तिथवर चालत जाण्याची आपली तयारी नसते.

गुंता का होतो?

नळी कोणी मुद्दाम गुंतवत नाही. तरी ती गुंतते. त्याची कारणे पाहिली, की आपल्या घरांचीच कारणे दिसू लागतात.

पहिले कारण म्हणजे न दिसणारा पीळ. जमिनीवर स्थिर पडलेल्या वेटोळ्यातून नळीचे एक टोक धरून ओढत गेले, की प्रत्येक वेटोळ्यामागे नळीत एक पीळ भरतो. दहा वेटोळी काढली, की दहा पीळ. सुरुवातीला काहीच दिसत नाही. नळी सरळ चालल्यासारखी वाटते. मग थोडी सैल पडली, की साचलेला पीळ एकदम वर येतो आणि नळी सापासारखी स्वतःभोवती वळते. घरात असेच होते. लग्नात मान राहिला नाही, आजारपणात कोणी विचारपूस केली नाही, वाटणीच्या कागदावर न विचारता सही घेतली. प्रत्येक वेळी एक पीळ मनात भरला. कोणी काही बोलले नाही. मग एखाद्या दिवशी अंगणात गाडी लावण्यावरून भांडण होते आणि शेजारी म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून? ती गोष्ट एवढीशी नव्हती. तिच्यामागे वीस वर्षांचा पीळ होता.

तीच नळी फिरत्या रिळावरून काढली तर तिच्यात पीळ भरत नाही. कारण रीळ स्वतः फिरते. जो स्वतः फिरायला तयार असतो, तो दुसऱ्याला पीळ देत नाही. पश्चात्ताप म्हणजे तरी काय? फिरणे, वळणे. घरातला कर्ता माणूस आपल्या जागेवरून तसूभरही हलत नसेल, तर त्याच्या ताठपणाचा पीळ बायकोमुलांत भरत जातो. स्वतःला मात्र तो सरळच वाटत असतो.

दुसरे कारण म्हणजे कोपरे. नळी घराला वळसा घालून मागे जाते, तेव्हा ती कुंडीला अडकते, फाटकाच्या बिजागरीत जाते, उभ्या गाडीच्या चाकाखाली शिरते. अनुभवी कामगार आधी घराभोवती फेरी मारतो, अडचणीच्या जागा पाहतो आणि मगच नळी टाकतो. बहुधा तो दूरच्या खिडकीपासून सुरुवात करतो आणि काम करत करत व्हॅनकडे येतो, म्हणजे मोकळी पडलेली नळी लगेच रिळावर घेता येते. आपल्या नात्यांतही असे कोपरे ठरलेले असतात. जमीन, पैसा, म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा, मुलांची लग्ने. या वळणांवर गुंता होणार, हे सर्वांना ठाऊक असते. तरी वडील हयात असताना, सगळे एकत्र जेवायला बसलेले असताना, शांतपणे बोलून ठेवणारी घरे किती? आपण विहीर, वाट आणि सातबारा यांचा विषय अंत्यविधीनंतरच काढतो. मग दुःख आणि हिशेब एकमेकांत अडकतात.

तिसरे कारण थंडी. गारठ्यात नळी कडक होते, वळवली तरी वळत नाही आणि जुन्या वेटोळ्याचा आकार सोडत नाही. थोडी ऊब मिळाली की ती नरम येते. अबोला हा असाच गारठा आहे. एक ‘कसा आहेस?’ पुष्कळदा तो घालवतो.

दुसऱ्यांचे पाय

आणखी एक गोष्ट. पदपथावर पडलेली गुंतलेली नळी कामगारापुरतीच अडचण ठरत नाही. वाटेने जाणारी म्हातारी तिच्यात पाय अडकून पडू शकते. म्हणून जबाबदार कामगार नळी भिंतीच्या कडेने नेतो आणि इशाऱ्याचा फलक लावतो. आपल्या भांडणांत कोणाचे पाय अडकतात, याचा आपण विचार करतो का? दोन भाऊ बोलत नाहीत. त्यांची मुले एकाच शाळेत जातात, एकाच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात, पण घराजवळ आली की एकमेकांपासून दूर चालतात. त्यांना भांडणाचे कारणही ठाऊक नसते. लहानांना अडखळण होणाऱ्यांविषयी प्रभू येशू किती कठोर बोलला, ते आपण जाणतो. आपला अबोला आपल्या पोरांच्या वाटेत टाकलेली नळी आहे.

गुंता कसा सुटतो?

या कामातला पहिला धडा असा, की ओढू नये. नळी अडली की हाताला सवयीने झटका द्यावासा वाटतो. झटका दिला, की सैल वेटोळे आवळते आणि वळण होते तिथे नळी मुडपते. जे क्षणभरात सुटले असते, त्याला मग घटका लागते. रागाच्या भरात पाठवलेला निरोप, चारचौघांत काढलेली उणीदुणी, मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना दिसेल असे लिहिलेले टोमणे, हे सर्व झटकेच होत. आपण म्हणतो, मी आज तोडूनच टाकतो! पण तुटत काही नाही, गाठ तेवढी घट्ट होते.

दुसरा धडा असा, की आधी दाब कमी करावा. पाणी बंद केले, की ताठरलेली नळी सैल पडते. भांडण तापलेले असताना कोण बरोबर, हे ठरवू नये. संत पौलाने इफिसकरांना सूर्य मावळण्याआधी राग सोडायला सांगितले. त्याचा अर्थ रात्रीपर्यंत वाद घालून निकाल लावावा, असा नव्हे. मनातला दाब झोपण्याआधी उतरवावा. आपल्या घरातली संध्याकाळची रोझरी हे काम करीत असे. जे दिवसभर भांडले, ते रात्री एकाच खोलीत गुडघ्यांवर येत आणि एकाने सुरू केलेली प्रार्थना दुसऱ्याला पूर्ण करावी लागे.

तिसरा धडा असा, की गुंता आहे तिथे चालत जावे. दांडा खाली ठेवावा, नळीच्या कडेने मागे जावे आणि गुंता बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने सैल करावा. वेटोळी मोठी होऊ द्यावीत, म्हणजे वाट दिसते. इथे एक आशेची गोष्ट कळते. नळीची दोन्ही टोके जोडलेली असली, एक टाकीला आणि एक दांड्याला, तर जो भयंकर गुंता दिसतो तो बहुधा खरी गाठ नसतो. वेटोळ्यांवर वेटोळी पडलेली असतात, एवढेच. टोक सुटून वेटोळ्याच्या आतून गेले, तर खरी गाठ बसते. म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, कितीही गुंता झाला तरी दोन टोके सोडू नका. एक टोक देवाशी, म्हणजे प्रार्थनेशी आणि संस्कारांशी जोडलेले असू द्या. दुसरे शेजाऱ्याशी. बोलणे बंद असले तरी त्याच्या आजारपणाला जा, त्याच्या घरच्या मयताला जा, त्याच्या मुलाच्या पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराला जा. टोके जोडलेली आहेत तोवर गुंता सुटण्याजोगा असतो.

चौथा धडा नळी ठेवण्याचा आहे. नळी एकाच दिशेने गोल गुंडाळली, की पीळ साचत जातो. ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, म्हणजे एक वेटोळे उजवीकडे आणि पुढचे डावीकडे असे टाकत गेले, की एकाचा पीळ दुसरे वेटोळे उतरवते. सुखी संसाराचे वेगळे गुपित काय असणार? आज तुझे, उद्या माझे. आज तू बोल, मी ऐकतो. नेहमी एकालाच वळावे लागले, तर पीळ साचणारच.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. कधी कधी नळी चिरलेली असते. तेवढा भाग कापून काढावा लागतो आणि दोन चांगली टोके सांध्याने जोडावी लागतात. चिरलेला भाग तसाच ठेवून, सहन कर, असे म्हणण्यात शहाणपण नाही. घरात मारहाण होत असेल, लहान मुलांना इजा होत असेल, कोणी दारूपायी घर उद्ध्वस्त करीत असेल, तर क्षमेच्या नावाखाली त्या बहिणीला गप्प बसवू नये. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावे, कायद्याची मदत घ्यावी. क्षमा करणे म्हणजे मार खायला परत जाणे नव्हे. प्रभूने समेट करायला सांगितले, अन्यायावर पांघरूण घालायला नाही.

मातेच्या बोटांत

जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात संत पेत्राच्या चर्चमध्ये सुमारे १७०० सालचे एक चित्र आहे. योहान गेओर्ग मेलकियोर श्मिटनर या चित्रकाराने ते काढले. पवित्र मरिया उभी आहे आणि तिच्या हातात गाठी पडलेली एक लांब पांढरी फीत आहे. एका बाजूचा देवदूत ती गाठींची फीत तिच्या हाती देत आहे. दुसऱ्या बाजूचा देवदूत सरळ झालेली फीत घेत आहे. परंपरा सांगते, की या चित्रामागे एका मोडू पाहणाऱ्या संसाराची आणि त्यासाठी झालेल्या प्रार्थनेची कथा आहे. पोप फ्रान्सिस ब्युनॉस आयर्समध्ये असताना त्यांनी गाठी सोडविणाऱ्या या मातेची भक्ती अर्जेंटिनात रुजविली. करोनाच्या महामारीत, २०२१ च्या मे महिन्यात, जगभर जपमाळेची प्रार्थना झाली. तिची सांगता ३१ मे रोजी त्यांनी व्हॅटिकनच्या बागेत याच मातेच्या प्रतिमेपुढे केली. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूघरी गेले, पण ही भक्ती ते आपल्याला देऊन गेले.

या विचाराचे मूळ फार जुने आहे. दुसऱ्या शतकातील संत इरेनियस यांनी शिकविले, की एवेच्या आज्ञाभंगाने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञाधारकपणाने सुटली. याच इरेनियसना २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले आणि त्यांना ऐक्याचे आचार्य म्हटले.

चित्रातील मातेच्या हातात कात्री नाही. ती फीत ओढत नाही आणि घाईही करत नाही. तिच्या बोटांत त्या क्षणी एकच गाठ आहे. बाकीच्या गाठी वाट पाहत आहेत. आपण मात्र सगळ्या गाठी एकाच दिवशी सुटाव्यात म्हणून नवस बोलतो आणि त्या सुटल्या नाहीत, की एकही हातात घेत नाही.

या आठवड्यासाठी

आजच्या पहिल्या वाचनात बेनसिरा आपल्यापुढे अग्नी आणि पाणी ठेवतो. ज्याला जे हवे, त्याने त्याकडे हात पुढे करावा. देव कोणावर बळजबरी करीत नाही. राग हा अग्नी आहे, समेट हे पाणी आहे. हात आपला आहे.

येत्या बुधवारी, १८ फेब्रुवारी २०२६ रोजी, आपल्या कपाळी राख लावली जाईल आणि उपवासकाळ सुरू होईल. कोणी मांसाहार सोडील, कोणी दारू, कोणी टीव्हीवरच्या मालिका. ते चांगलेच आहे. पण त्याआधी हातात तीन दिवस आहेत. आज घरी गेल्यावर आपल्या आयुष्यातली एकच गाठ निवडा. सर्वांत मोठी निवडू नका, सुटण्याजोगी निवडा. त्या माणसासाठी जपमाळेचे एक दशक म्हणा. मग पापनिवेदनाला या आणि त्या गाठीतला आपला स्वतःचा पीळ किती, तेवढाच सांगा. भावाचा पीळ तो सांगेल. आणि मंगळवारच्या रात्रीपूर्वी त्याच्या घराकडे चालत जा. फोन केला तर तो उचलणार नाही कदाचित, म्हणून चालत जा. त्याने दार लावून घेतले, तरी तुम्ही वेदीपासून उठून गेलात, हे प्रभूने पाहिलेले असेल. पुढच्या वेळी ते दार थोडे सैल असेल.

काच स्वच्छ झाली, की घरातल्यांना बाहेरचे दिसते आणि बाहेरचा प्रकाश घरात येतो. त्यासाठी लागणारे निर्मळ पाणी आपण निर्माण करायचे नाही, ते देवाकडून येते. आपले काम एवढेच, की नळी मोकळी ठेवायची.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू आम्हांला वेदीपाशी बोलावतोस आणि वेदीपासून भावाकडे पाठवतोस. आमचा ताठपणा दूर कर. ज्यांच्याशी आमचे बोलणे खुंटले आहे, त्यांची नावे आम्ही या क्षणी मनातल्या मनात तुझ्यापुढे ठेवतो. आमच्या हातांना ओढण्याऐवजी सोडविण्याची सवय लाव. आणि हे गाठी सोडविणाऱ्या माते, आमच्या घरांची फीत तू आपल्या हाती घे, आम्हांसाठी विनंती कर.

आमेन.